उड्डाण बंद, दर्जा चालू

पांढुर्णा-सौंसरकरांना विमान धरायचं तर नागपूर गाठावं लागतं. कोरोनाच्या टाळेबंदीत 25 मार्च 2020 पासून तिथली देशांतर्गत प्रवासी उड्डाणं दोन महिने थांबली. वारंवार उडणाऱ्यांचा ‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’ हा दर्जा वर्षभरातल्या प्रवासावर टिकतो; विमानच नाही तर गुण कुठून येणार? म्हणून अनेक विमान कंपन्यांनी या दर्जाची मुदत वाढवली. उपकार कसला, गिऱ्हाईक टिकवायचं होतं!

रेल्वेनेही 21 मार्च ते 31 जुलै 2020 मधल्या रद्द गाड्यांची खिडकीवरची तिकिटं परत करायला दिलेली सहा महिन्यांची मुदत वाढवून प्रवासाच्या तारखेपासून नऊ महिने केली. तेव्हा वाहतूक विस्कटली, तर दर्जाच्या कार्डावरच्या जुन्या तारखेवर विसंबू नका, कंपनीकडे विचारा. आणि खिडकीवरचं तिकीट फाडून टाकू नका.