चित्रपटसृष्टीचे दार आणि कामाचा हक्क

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय चित्रपटाचा जनक नाशिक जिल्ह्याने दिला, हे वाक्य या शहरातील समारंभांतून नेहमी ऐकू येते. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच निवर्तले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे. परंतु कोणताही उद्योग एकट्याच्या प्रतिभेवर उभा राहत नसतो. तो कोणाच्या श्रमांवर उभा राहिला आणि त्या श्रमांना कोणते स्थान मिळाले, हा समाजवाद्यांचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यातील तारामती रंगवली ती उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी, कारण पडद्यावर येण्यास कोणी स्त्री तयार होईना. पडद्यामागे मात्र एक स्त्री अहोरात्र राबत होती. सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावरचे दागिने भांडवलासाठी दिले, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, रसायनांची कामे शिकून घेतली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. तंत्रज्ञाचे हे काम समाजाने गृहिणीचे कर्तव्य म्हणून गणले.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. येथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. जे अशक्य म्हटले जात होते ते काही महिन्यांत शक्य झाले. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. एकदा उघडलेले दार आपोआप उघडे राहत नाही, हा त्यातील धडा.

पुढे शंभर वर्षे लोटली, स्त्रिया नायिका झाल्या, दिग्दर्शकही झाल्या. पण मुंबईच्या चित्रपटधंद्यातील रंगभूषाकार आणि केशभूषाकारांची संघटना स्त्रियांना केवळ केशभूषाकार म्हणून सदस्यत्व देत असे. रंगभूषाकाराचे ओळखपत्र फक्त पुरुषांना. ओळखपत्र नसेल तर चित्रीकरणाच्या जागी काम मिळणे दुरापास्त. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दाद मागितली, तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे, ही अटही त्याच निकालाने गेली.

ही भिंत कोणा भांडवलदाराने बांधलेली नव्हती. ती कामगारांच्या संघटनेने बांधलेली होती. कार्यकर्त्यांनी या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. काम थोडे आणि हात फार, तेव्हा दोघांनाही काम मिळावे म्हणून ही वाटणी, असे संघटनेचे समर्थन होते. पोटाची भीती खरी असते. पण निम्म्या श्रमिकांना बाहेर ठेवून उरलेल्यांची भाकरी राखणारी संघटना श्रमिकांची एकजूट स्वतःच मोडते, आणि स्वस्त मजुरीसाठी मालकाच्या हाती बाहेरची फौज आयती देते.

केवळ दार उघडून भागत नाही. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी कायदा केला. लेखी कराराविना काम देऊ नये, असे त्याने सांगितले. त्या तरतुदी २०२० च्या कामगार संहितेत दृक्‌श्राव्य माध्यमांतील कामगारांपर्यंत नेण्यात आल्या. पण कागदावरील करार चित्रीकरणस्थळी पोचतो का? केरळात न्यायमूर्ती हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. लैंगिक छळाबरोबरच स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याच्या जागा नसणे, लेखी करार नसणे, अशा साध्या गोष्टी त्यात नमूद होत्या. तो अहवाल लोकांना पाहावयास मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये!

शिक्षणसंस्थांचीही हीच कथा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, अशा उमेदवारांना कोणत्याच अभ्यासक्रमातून वगळू नये.

२ मार्च १९३० रोजी याच नाशिकात काळाराम मंदिराच्या दारापाशी सत्याग्रह सुरू झाला. बंद दार म्हणजे काय, हे या शहराला वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या धंद्यात पहिले काम ओळखीने मिळते आणि उमेदवारीची वर्षे बिनपगारी काढावी लागतात, तेथे दलित-आदिवासी, ग्रामीण तरुण आणि कष्टकऱ्यांच्या मुली उंबरठ्यावरच थांबतात. बिनपगारी उमेदवारी खाऊन-पिऊन सुखी घरालाच परवडते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सदस्यत्वासाठी कौशल्य हीच एक कसोटी असावी. उमेदवारालाही किमान वेतन आणि लेखी करार मिळावा. २०१३ च्या कायद्यानुसार छळाच्या तक्रारीसाठी समिती प्रत्येक निर्मितीसंस्थेत प्रत्यक्ष कार्यरत असावी. नाशिक परिसरात चित्रीकरण करणाऱ्यांकडून या गोष्टींचा हिशेब मागणे हे येथील कार्यकर्त्यांचे काम आहे. फाळक्यांच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. सरस्वतीबाईंच्या श्रमांचे ऋण मात्र असेच फेडावे लागेल.