बेघर तरुण आणि कॅज्युअल्टी

मुंबईत स्थानकांच्या आसऱ्याने किंवा उड्डाणपुलाखाली राहणारा तरुण रुग्णालयात सहसा उशिराच पोचतो. ओपीडी सकाळची असते आणि हमाली, भंगारवेचणी यांची वेळही तीच. मग ताप, खरूज, चिघळलेली जखम अंगावर काढली जाते. केईएम, सायन, नायर किंवा कूपरच्या कॅज्युअल्टीत तो येतो तो बहुधा रात्री, आणि पुष्कळदा दुसऱ्याने आणलेला. लोकलमधून पडला असेल, तर स्टेशन मास्तरचा मेमो घेऊन हमाल आणि रेल्वे पोलीस त्याला आणतात.

पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचा उपचार थांबवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सांगितले. टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शनही मिळते. खरी अडचण पुढे सुरू होते. सरकारी रुग्णालयात नातेवाईक हा बिनपगारी कर्मचारीच असतो. रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवणे, चिठ्ठीवरचे औषध बाहेरून आणणे, एक्स-रेसाठी स्ट्रेचर ढकलणे हे सगळे त्याच्याकडे. बेघर मुलासाठी हे काम फुटपाथवर शेजारी झोपणारा मित्र करतो. पण सहीची वेळ आली की तो कोणीच नसतो.

अंगाला नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या सोल्युशनचा वास येत असेल, तर प्रत्येक दुखणे नशेच्या खाती जमा होते. यात धोका आहे, कारण डोक्याला मार लागल्याने येणारी गुंगी आणि नशेची गुंगी वरवर सारखीच दिसते. मारहाणीची केस असेल, तर एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते आणि जबाबासाठी पोलीस येतात. भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने दिला. त्या धाकाने काहीजण जबाबाआधीच निघून जातात. केसपेपरवर मग ‘पळून गेला’ एवढीच नोंद उरते.

वयाचा आकडा इथे फार मोलाचा ठरतो. निराधार मूल अठराच्या आतले असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार रुग्णालयाने 24 तासांत पोलीस, चाइल्डलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवावे लागते. अठरा उलटलेल्या तरुणासाठी ही साखळी नाही. जन्मदाखला जवळ नसल्याने, केसपेपरवर अंदाजाने लिहिलेले वयच अनेकदा त्याची वाट ठरवते.

जखम कोरडी ठेवा, टाके काढायला पुन्हा या, असे सांगून त्याला सोडले जाते. दर लाख लोकवस्तीमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा आदेश आहे. मात्र निवारा म्हणजे शुश्रूषागृह नव्हे, तिथे ड्रेसिंग कोण करणार? रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक ही सांगड घालू शकतात. त्यांचे कार्यालय मात्र सहसा दिवसाच उघडे असते. कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असा एक माणूस नेमणे, ही या रुग्णांची पहिली गरज आहे.