शिकवायचं कोणत्या भाषेत?



आज जाऊया इटलीला, मिलान शहरात.
तिथं पॉलितेक्निको नावाचं तंत्रविद्यापीठ आहे.

2012 साली या विद्यापीठानं ठरवलं…
पदव्युत्तर वर्ग फक्त इंग्रजीतून चालवायचे.
परदेशी विद्यार्थी येतील,
आपली मुलं जगभर जातील, असा हिशेब.

पण शंभरेक प्राध्यापक थेट कोर्टात गेले.
त्यांनी बोट ठेवलं एकाच शब्दावर…
‘फक्त’!

2017 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं…
इंग्रजीतून शिकवा.
पण इटालियनला सरसकट वर्गाबाहेर काढू नका.
म्हणजे, ऐकलंत ना…
इंग्रजी चालेल. ‘फक्त’ इंग्रजी नाही.

आता आपला इंजिनिअरिंगचा वर्ग आठवा.
फळ्यावर सगळं इंग्रजी.
मुलांनाही तेच हवं असतं. पुढं मुलाखत इंग्रजीतच व्हायची.
पण मध्येच सर वळतात.
म्हणतात, “म्हणजे बघा, असं आहे…”
आणि शेवटच्या बाकावरच्या माना वर होतात!
हे मराठी वाक्य वेळापत्रकात कुठंच नसतं.
मला तर तोच खरा तास वाटतो.

श्रोतेहो, अवघड वाटलेला एखादा धडा
तुम्हाला कोणत्या भाषेत उमगला?
आम्हाला पत्रानं जरूर कळवा.