१४४१६ : ऐकणारे कुणीतरी

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळता-कांडता मनातले सारे विठ्ठलाशी बोलणारी ही संतकवयित्री आपल्या जिल्ह्यातली. आपल्या आज्या-पणज्यांनीही सासरचे दुःख असेच जात्याला सांगितले. पुढे पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण बोलण्याची ती पहाटेची जागा मात्र गेली.

पुरुषांना तर अशी जागा फारशी नव्हतीच. सोयाबीन हातचे गेलेला शेतकरी पारावर पावसाविषयी बोलतो, बाजारभावाविषयी बोलतो. रात्र-रात्र डोळा लागत नाही, हे बोलत नाही. डॉक्टरकडे जावे तर ‘वेडा’ असा शिक्का बसेल आणि मुलीच्या सोयरिकीत तो आडवा येईल, ही धास्ती!

या धास्तीवर दूरध्वनी हा उतारा आहे, कारण पलीकडच्याला आपला चेहरा दिसत नाही. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही तिची मध्यवर्ती संस्था. १४४१६ हा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो, पैसे पडत नाहीत, रात्री दोन वाजताही प्रशिक्षित समुपदेशक मराठीत बोलतो आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. त्याआधी २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात परभणीही होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे हेरावीत, ही त्यातील कल्पना.

मला त्या आशाताईंचे मोल अधिक वाटते. खचलेला माणूस बहुधा आपण होऊन फोन फिरवीत नाही. आणि घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर त्या माउलीने १४४१६ कोठून लावावा? शेजारच्या भगिनींनी आपला फोन घेऊन तिच्याकडे जावे, एवढेच उत्तर मला सुचते.

आपण संपर्काला जातो, चहा होतो, निघतो. त्याऐवजी थोडे थांबून ‘झोप लागते का?’ एवढे विचारा. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे; उलट मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशक आधी हलवा. मग आपल्याच फोनवरून १४४१६ लावून तो त्याच्या हाती द्या आणि त्याला संकोच वाटणार नाही इतके दूर, पण नजरेच्या टप्प्यात, अंगणात उभे राहा.