एका पावसावर पेरणी करू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बाकीचे वक्ते बोलतीलच. मी आज दारूवर बोलणार आहे. घाबरू नका, उपदेश करणार नाही. दारू वाईट हे पिणाऱ्याला सांगावे लागत नाही. सकाळी उठल्यावर ते त्याला आपल्याहून जास्त कळते.

आपल्यातलाच एक कार्यकर्ता. नाव सांगत नाही. रास्ता रोकोत पुढे, तुरुंगात जायला पुढे. पण पिणे वाढत गेले. कापसाचा चुकारा बाजारातच संपू लागला. मग आम्ही चार जणांनी त्याला मारुतीच्या पारावर नेले, नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकविसाव्या दिवशी तो प्यायला आणि लाजेपायी बैठकीला यायचाच बंद झाला. त्याच्या घरच्या माउलीने फवारणीच्या औषधाचे डबे शेजारी नेऊन ठेवले. का ठेवले, ते या मंडपात कोणाला समजावून सांगायला नको.

भावांनो, चूक आमची होती. शेतीची पदवी घेतलेला मी, मृगाच्या एका सरीवर पेरू नका म्हणून गावोगाव सांगतो. बी उगवते, पुढचा पाऊस लांबतो, कोंब करपतात, दुबार पेरणी गळ्यात येते. शपथ म्हणजे तो एकच पाऊस. पुढचा पाऊस कुठून येणार, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

हा विचार करून ठेवलेली माणसे आहेत. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला गेला होता. पाच महिने त्याने दारू सोडलेली. काम फिसकटले आणि पुन्हा प्यावेसे वाटू लागले. त्याने काय केले? दुसरा दारुडा शोधून द्या, मला त्याच्याशी बोलायचे आहे, म्हणून फोन केले. बॉब स्मिथ नावाचा डॉक्टर भेटला, तोही पिणारा. दोघे बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

ए.ए.च्या बैठकीत होते काय? पिणारी आणि सोडलेली माणसे एकत्र बसतात. आपली हकीगत आपणच सांगायची. दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या. जात, धर्म, पक्ष काही विचारत नाहीत. आपणही छातीवरचा बिल्ला बाहेर ठेवून जायचे. संघटनेने वर्गणी दिली तरी ते घेणार नाहीत, बाहेरचा पैसा त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या बैठका असतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय कापतात, फेफऱ्यासारखे झटके येतात, दोन-चार दिवसांत भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. आमच्या नारळाने त्या कार्यकर्त्याचा जीव गेला असता. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला दाखवा. बैठक त्यानंतर, आणि मग कायम.

बैठक शोधायची कशी? रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला विचारा. व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. १४४४६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. वार, वेळ आणि जागा विचारून घ्या. बैठक खुली की बंद तेही विचारा. खुल्या बैठकीला कोणीही बसू शकतो, बंद बैठक फक्त सोडू पाहणाऱ्यांची. गावात बोभाटा होईल असे वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. पहिल्या दिवशी मन रमले नाही म्हणून सोडू नका. एका फेरात डवरणी पुरी होते का?

आणि जवळपास कुठेच बैठक नसेल तर? सुरुवातीला दोनच माणसे होती, हे विसरू नका. जुन्या गटातल्या माणसाला बोलवा, तो येतो. दुसऱ्याला सोडवताना आपली सुटलेली टिकते, हे तो जाणतो.

आमचा कार्यकर्ता आता दर रविवारी एस.टी.ने जिल्ह्याच्या बैठकीला जातो. मध्ये दोनदा पाय घसरला, दोनदा परत गेला. आम्ही टाळ्या वाजवत नाही. रविवारी आपली सभा ठेवत नाही, एवढेच करतो.

आज ठराव नको. प्रत्येक तालुक्यातल्या एकाने पुढच्या बैठकीला येताना आपल्या जवळची बैठक कोणत्या वारी, कुठे भरते, तेवढे लिहून आणावे. आपण ते या अंकात छापू. कोणाचे नाव छापणार नाही. ज्याला लागेल तो गुपचूप वाचेल आणि एस.टी. धरेल.