पर्जन्यमापक आणि दवाखाना

जोगेश्वरीचीं लेणीं सहाव्या शतकांतलीं. पावसाळा आला कीं त्यांत पाणी सांचतें. माथ्यावर आणि भोंवतालीं आतां दाट वस्ती आहे. थोड्या अंतरावरून ओशिवरा नदी आरेकडून मालाडच्या खाडीकडे जाते. तिला नदी म्हणावें असें तिच्यांत फारसें उरलेलें नाहीं, पण अतिवृष्टीच्या दिवशीं ती आपलें नांव सार्थ करते.

26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला अवघा 73. त्या दिवशींचा प्रलय श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर आलेली तापाची साथ मात्र तितकीशी आठवत नाहीं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु उंदरांच्या मूत्रावाटे पाण्यांत उतरतात आणि पायाच्या एखाद्या ओरखड्यांतून शरीरांत शिरतात. ताप चढावयास बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. सारें मर्म या अवधींत आहे. पर्जन्यमापकाला जें आज कळलें, तें दवाखान्याला पंधरवड्यानें कळतें!

पुराच्या पाण्यांतून चाललेल्यांनीं 72 तासांच्या आंत वैद्यकीय सल्ल्यानें डॉक्सिसायक्लिन घ्यावें, असें महानगरपालिका सांगते. सूचना उत्तम आहे. पण गुडघाभर पाणी तुडवून चार घरचीं कामें करावयास गेलेली बाई अंगांत ताप नसतांना दवाखान्याची पायरी कशाला चढेल? औषधानेंच तिच्या दारीं गेलें पाहिजे. कोणती गल्ली बुडाली हें पर्जन्यजलवाहिन्यांच्या खात्याला ठाऊक असतें, त्या गल्लींत कोण राहतें हें आरोग्यसेविकेला. गाळ एक खातें काढतें, कचरा दुसरें उचलतें, उंदीर तिसरें मारतें. उंदीर मात्र तिघांचा एकच.

मार्च 2022 मध्यें मुंबईचा वातावरण कृति आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, वृक्षराजी, हवेची शुद्धता, पूर व पाणी अशीं सहा प्रकरणें आहेत. आरोग्य हें सातवें नाहीं. तें सहांतही मिसळलें आहे असें कोणी म्हणेल, आणि तें खोटेंही नाहीं. पण ज्याला स्वतंत्र खातें नाहीं त्याला पैसाही स्वतंत्र मिळत नाहीं, हा कारभाराचा जुना अनुभव आहे. अहमदाबादेनें 2010 च्या उन्हाळ्याचे बळी पाहिल्यावर 2013 मध्यें उष्म्याचा आराखडा केला. तेथें वेधशाळेचा इशारा थेट रुग्णालयांपर्यंत जातो. जोगेश्वरीच्या पत्र्याच्या छपरांखालीं मे महिन्याची दमट रात्र काढणाऱ्यांना असा इशारा कमी मोलाचा नाहीं.

हवा आणि आरोग्य यांची सांगड मुंबईला नवी नाहीं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. वारा आला, पण घरें पाडल्यामुळें उठलेलीं गरीब कुटुंबें शेजारच्या चाळींत कोंबलीं गेलीं, आणि गर्दी तेवढी जागा बदलून राहिली. ओशिवऱ्याचें पात्र रुंद करावयाचें झालें तर काठावरचीं माणसें कोठें जाणार, तेथें पाणी, शौचकूप आणि दवाखाना आहे कीं नाहीं, हा प्रश्न नकाशा आंखणाऱ्या अभियंत्याबरोबर आरोग्याधिकाऱ्यानेंही, नकाशावर सही होण्यापूर्वींच, विचारावयास हवा.