पिशवीचं उरलेलं आयुष्य

नवपदवीधर मित्रमैत्रिणींनो,

राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत अर्धी रुतलेली एखादी पिशवी ओढून काढा आणि नीट बघा. पॉलिथिनची चपटी नळी, तळाशी उष्णतेनं जोडलेली, वरून एक तुकडा कापला की दोन बंद तयार. शिवण नाही, गोंद नाही. स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांची ही रचना. त्यांच्या सेलोप्लास्ट कंपनीला तिचं अमेरिकी पेटंट १९६५ मध्ये मिळालं. कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात, म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी पिशवी त्यांना हवी होती, असं त्यांचे चिरंजीव राऊल सांगतात. थुलिन स्वतः ती घडी करून खिशात ठेवत. अशीच एकदा वापरून फेकली जाणारी दुसरी वस्तू, एका कपाच्या कॉफीची प्लास्टिक कुपी, काढणाऱ्या जॉन सिल्व्हन यांनी तर २०१५ मध्ये उघडच कबूल केलं, की आपण हे केलं याचं कधीकधी वाईट वाटतं.

सिल्व्हन यांच्या या खंतीबद्दल मला आदर आहे, पण ती पुरेशी नाही. थुलिन यांचा हेतू चांगला होता, रचना चोख होती. मग चुकलं कुठे? पिशवी इतकी स्वस्त झाली की दुकानदार ती फुकट देऊ लागला, आणि फुकटची वस्तू घडी करून कोण ठेवणार? यावर कुणी म्हणेल, हा दोष लोकांच्या सवयीचा, संशोधकाचा नव्हे. पण हेच लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठे महिनोन्‌महिने सांभाळतात, कारण रद्दीवाला पैसे देतो. वस्तू परत जाण्याची वाट असली, की सवय आपोआप लागते. ती वाट आखणं हेही रचनेचंच काम आहे.

मग कापडी पिशवी घ्या, प्रश्न मिटला? नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामात एकदाच वापरलेल्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कपाटात पडून राहिलेल्या दहा सुती पिशव्यांनी निसर्गाचं काहीच भलं होत नाही. आणि भर पावसात ओली मासळी घरी नेणाऱ्याला प्लास्टिक सोयीचं वाटतं, यात त्याचं काय चुकलं? मुद्दा पदार्थाचा नाही, फेऱ्यांचा आहे.

महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती अटीवर: परतीची किमान ५० पैसे किंमत पिशवीवर छापायची. परतीचा विचार वस्तूवरच छापायचा, ही कल्पना मला मोलाची वाटते. पण सकाळी कात्रीनं उडवलेला पिशवीचा तो इवलासा त्रिकोण? तो पिशवीबरोबर परत जात नाही; कचऱ्यात, गटारात, पुढे खाडीत जातो. अर्धवट चीर दिली तर कोपरा पिशवीलाच राहतो. कात्रीला तशी शिस्त लावण्यापेक्षा, फाडूनही सुटणार नाही असा कोपरा तुमच्यापैकी कुणीतरी घडवावा.